हॅम रेडिओचं लायसन्स: आधी अर्ज, मग अँटेना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक अख्खा मार्च वाया घालवला. आयनोस्फियरवर काम करतो, त्यामुळे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसांतलं ७ मेगाहर्ट्झवरचं मोजमाप हवं होतं. गच्चीवर वीस मीटरची तार बांधून झाली, ट्रान्समीटर जोडून झाला. लायसन्स मात्र आलं नव्हतं. त्याशिवाय सिग्नल पाठवणं हा गुन्हा. पुढची संधी थेट सप्टेंबरमध्ये!

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

हॅम रेडिओ म्हणजे नुसता गप्पांचा छंद असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आंतरराष्ट्रीय नियमांतच त्याचे तीन हेतू दिलेत: स्वतः शिकणं, एकमेकांशी संपर्क आणि तांत्रिक शोध. अट एकच, त्यातून पैसे कमवायचे नाहीत. तिसरा हेतू आपल्या कामाचा.

उदाहरण बघा. दिवसा आयनोस्फियरचा सगळ्यात खालचा डी थर कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याच ७ मेगाहर्ट्झवर हजारो किलोमीटर दूरचं ऐकू येतं. हा बदल पकडायला डब्ल्यूएसपीआर नावाची पद्धत वापरतात. स्टेशन जेमतेम दोन मिनिटांत आपलं कॉल साइन, ठिकाण आणि पॉवर पाठवतं. ज्यांना ते ऐकू येतं त्यांची नोंद इंटरनेटवर जमा होते. एक वॉटसुद्धा पॉवर लागत नाही. ही पद्धत तयार करणारे जो टेलर हे स्वतः हॅम, आणि १९९३चे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' उपग्रहही (२०१६) हॅम रेडिओच्या संदेशांसाठीच होता.

आता परीक्षा. ती दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी विंग घेतो. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर. मी दिली तेव्हा दोन श्रेणी होत्या, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. मी रिस्ट्रिक्टेड दिली, कारण जनरलला मोर्स कोडही यावा लागत होता. पेपरचे भाग दोन. थिअरीत ओहमचा नियम, रेझोनन्स, मॉड्युलेशन, अँटेना, म्हणजे बीएस्सीचीच उजळणी. दुसरा भाग नियमांचा, आणि गाडी अडकते ती इथेच. क्यू-कोड, कोणता बँड कोणाला, किती पॉवर, हे पाठच करावं लागतं. सायन्सवाले हा भाग हलक्यात घेतात. मीही घेतला होता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. परीक्षा पास होणं आणि स्टेशनचं लायसन्स मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कॉल साइन दुसऱ्या पायरीवर मिळतं. माझे महिने गेले ते या दोन्हींच्या मधे.

म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच अर्ज करून टाका. वाट बघताना नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर उघडा आणि रोज संध्याकाळी तासभर ऐका. कान तयार होतो. सप्टेंबरमध्ये मला त्याचाच उपयोग झाला.