शेजारचा अँटेना आणि आपला नाजूक रिसीव्हर

ओटीजी केबलने मोबाईलला आरटीएल-एसडीआर डोंगल लावून हॅम बँड ऐकणारे तुमच्यात बरेच असतील. समजा, त्याच गच्चीवर हॅम मित्राचा १०० वॅटचा ट्रान्समीटर आहे. त्याने बोलायचं बटण दाबलं, की तुमच्या डोंगलचं काय होतं?

आधी आकडे बघू. शॉर्टवेव्हवर मीटर एस-९ दाखवतो, म्हणजे खणखणीत सिग्नल. तेव्हा रिसीव्हरपाशी पोचतात फक्त ५० मायक्रोव्होल्ट. १०० वॅट म्हणजे त्याच्या दोन लाख कोटी पट ताकद! त्यातला हजारावा भाग जरी तुमच्या अँटेनाने पकडला, तरी झाले १०० मिलिवॅट. डोंगलची सहनशक्ती साधारण १० मिलिवॅट.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. पहिली, ओव्हरलोड: रिसीव्हर तेवढ्यापुरता बहिरा होतो, समोरचा थांबला की पुन्हा ऐकू येतं. दुसरी, कायमचं नुकसान. आतली पहिली चिप कधी पूर्ण जाते, कधी नुसती कमजोर होते, आणि आपण अँटेनाला दोष देत बसतो. अ‍ॅपमधला गेन कमी करून ओव्हरलोड कमी होईल, पण चिप वाचेलच असं नाही. रेडिओ बंद ठेवला तरी धोका आहेच, कारण वायर जोडलेली असते.

मग उपाय काय? सगळ्यात स्वस्त म्हणजे अंतर. दोन अँटेना शक्य तितके लांब, आणि तारेचे असतील तर एकमेकांना काटकोनात ठेवा. दोघांचे बँड वेगळे असतील, तर रिसीव्हरच्या आधी बँडपास फिल्टर लावा. बँड एकच असेल तर फिल्टरचा उपयोग नाही. तिथे रिले हवा. बटण दाबताच, ट्रान्समीटर सुरू होण्याआधी, तो अँटेना तोडून रिसीव्हरचं इनपुट ग्राउंडला जोडतो.

शेवटची ढाल म्हणजे इनपुट आणि ग्राउंडमध्ये उलटसुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड. व्होल्टेज ०.७ च्या आसपास गेलं की ते वाट करून देतात. ५० ओहमवर हे जेमतेम ५ मिलिवॅट. पण जोरदार सिग्नल आले की हेच डायोड सिग्नलांची खिचडी करतात, आणि नसलेली स्टेशनं ऐकू येतात. म्हणून फक्त त्यांच्यावर विसंबू नका.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर? मित्राला विचारा, "बोलणार आहेस का?" आणि केबल काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात!