आजीच्या पेटीतील हाली रुपया : नाणेसंग्रहाचा आरंभ

उन्हाळ्याची सुट्टी लागली की धर्मग्रामातील मुले नव्या छंदाच्या शोधात असतात. त्यांपैकी काहींना नाणी जमविण्याची हौस असते. "फादर, जुनी नाणी कुठे विकत मिळतील?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर असे की, आरंभी काहीही विकत घेऊ नये. जालना जिल्ह्यातील मुलाने प्रथम आपल्याच घरातील आजीची पत्र्याची पेटी उघडावी. तिच्या तळाशी चारमिनारचे चित्र असलेला एखादा रुपया असण्याचा संभव आहे.

हे नाणे आपल्याकडे का आढळते, हे समजून घेणे हीच या छंदाची पहिली पायरी होय. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. परंतु १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे स्वतःचे चलन होते. त्यास 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे चालू. इंग्रजी राज्याच्या रुपयास आपले पूर्वज 'कलदार' म्हणत. सात हाली रुपयांस सहा कलदार असा भाव होता.

हा भाव कोठून आला? त्याचे उत्तर नाण्यातच आहे. सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या आरंभीच्या काळातील रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम असून त्यात चांदी सुमारे ८१.८ टक्के आहे. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व चांदी सुमारे ९१.७ टक्के. गुणाकार करून पाहावा. एका हाली रुपयात शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम, तर कलदारात १०.६९ ग्रॅम भरते. सात हाली रुपयांतील चांदी ६४ ग्रॅम आणि सहा कलदारांतील चांदीही ६४ ग्रॅमच! बाजारातील तो व्यवहार किती चोख होता, हे एक तराजू आणि थोडे गणित आपणांस सांगते.

नाणे कसे वाचावे

चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. ते 'मीम' असल्यास नाणे सहावे निजाम महबूब अली खान यांचे आणि 'ऐन' असल्यास उस्मान अली खान यांचे. महबूब अली खान १९११ मध्ये निवर्तले व त्याच वर्षी उस्मान अली खान गादीवर आले. नाण्यावरील सन हिजरी असून फारसी आकड्यांत असतो. या आकड्यांत उभी रेघ म्हणजे १, टिंब म्हणजे शून्य. वरच्या बाजूस उघडी असलेली दुरेघी खूण म्हणजे ७ आणि तीच उलटी केली की ८. हिजरी सनास ०.९७ ने गुणून ६२२ मिळविले की इसवी सन साधारणपणे मिळतो. उदाहरणार्थ, हिजरी १३३७ म्हणजे इ. स. १९१८-१९. घरात किंवा शेजारी उर्दू जाणणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याजवळ बसून मजकूर वाचून घ्यावा.

जतन कसे करावे

नवशिक्याच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे नाणे घासून चकचकीत करणे. चिंच, राख, लिंबू अथवा भांडी घासण्याची पूड यांनी नाण्याचा वरचा थर निघून जातो, अक्षरे झिजतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल घटते. नाणे बोटांनी कडेवर धरावे. मऊ, वास येणारे प्लास्टिक टाळावे. कोरड्या कागदाची लहान पाकिटे उत्तम. प्रत्येक पाकिटावर नाणे कोणाकडून, कोणत्या गावी आणि केव्हा मिळाले, हे लिहून ठेवावे. त्या नोंदीवाचून नाणे मुके राहते.

पुढे स्वतंत्र भारताची नाणी जमवावीत. १५ ऑगस्ट १९५० रोजी अशोकस्तंभाचे सिंह असलेली नाणी आली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती सुरू होऊन रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले. १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गळाला. सनाखालील खुणेवरून टांकसाळ ओळखता येते : मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचे टिंब, कोलकात्याची खूण नसते. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असे म्हणजे, संत अल्फोन्सा (२००९) आणि मदर तेरेसा (२०१०) यांच्या जन्मशताब्दीनिमित्त पाच रुपयांची नाणीही निघाली आहेत.

दोन सावधगिरीच्या सूचना

आपला जिल्हा जुन्या वसाहतींचा आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ मधील उत्खननात तेथे सातवाहनकालीन अवशेष मिळाले. म्हणून नांगरताना वा पाया खणताना जुनी नाणी सापडली, तर ती वाटून घेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. लपविणाऱ्यास शिक्षा होऊ शकते. कळविणाऱ्याचा मात्र त्यात कायदेशीर हक्क राहतो.

दुसरी सूचना फसवणुकीविषयी. 'जुन्या नाण्यास लाखो रुपये मिळवा' अशा जाहिराती मोबाइलवर येतात आणि आधी शुल्क वा कर भरावयास सांगतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की, अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क घेत नाही. एक रुपयाही पाठवू नये.

एका घरभेटीत मला सांगण्यात आले की, आजीच्या गळ्यातील हाली रुपयांची माळ नातीच्या लग्नात मोडली. गरजेपोटी मोडली, त्यात वावगे काही नाही. परंतु माळेतील एकाही रुपयाचा सन कोणी पाहिला नव्हता, आणि ती माळ आजीकडे कोठून आली हे सांगणारे आता कोणी उरले नव्हते. चांदीचा भाव पुन्हा मिळेल, ती माहिती मिळणार नाही. म्हणून या सुट्टीत मुलांनी आजीजवळ बसावे, पेटी उघडावी आणि सोबत एक वही ठेवावी.