निकाराग्वातला बोका

चिन्मय, तोंड न उघडता सांग बघू: बोका उतारावरून घरंगळत खाली गेला. हं, काय केलंस बघ! हात गोल गोल फिरवत तिरपा खाली आणलास. घरंगळणं नि खाली जाणं एकाच फटक्यात उरकलंस. आता गोष्ट ऐक.

मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा छोटा देश आहे. तिथली बहिरी मुलं पूर्वी आपापल्या घरात एकटी पडायची. आईबापांशी खाणाखुणांवर भागायचं, आणि दर घरच्या खुणा वेगळ्या. 1977 मध्ये राजधानी मनाग्वात अशा मुलांची शाळा निघाली. आधी 50च्या आसपास मुलं, 1983 पर्यंत दोन शाळांत मिळून 400च्या वर. शिक्षक बिचारे ओठांवरून स्पॅनिश ओळखायला शिकवायचे; ते काही मुलांच्या डोक्यात शिरेना. पण मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये हातांची नुसती धमाल! घरोघरच्या खुणा एकमेकींत मिसळल्या. ही काय भानगड आहे ते बघायला सरकारनं 1986 मध्ये अमेरिकेतून ज्यूडी केगल या भाषातज्ज्ञ बाईंना बोलावलं.

पुढे अ‍ॅन सेंगस या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्या लोकांना एक कार्टून दाखवलं. त्यात बोका जडच्या जड गोळा गिळतो नि रस्त्याच्या उतारावरून घरंगळत सुटतो. मग म्हणाले, सांगा काय झालं. ऐकू येणाऱ्या माणसांनी स्पॅनिश बोलताबोलता केलेले हातवारे थेट तुझ्यासारखे. पण शाळेत 1984 नंतर आलेली मुलं? ती बहुतेकदा आधी हात जागच्या जागी फिरवायची, मग सरळ खाली न्यायची. आधी 'घरंगळणं', मग 'खाली'.

त्यात काय मोठंसं? अरे, खरा बोका काही आधी जागेवर लोळून मग खाली गेला नव्हता! घडलं ते एकसंध. तुकडे पाडले मुलांनी. आणि मराठी घे, तमिळ घे, स्वाहिली घे, माणसाची कुठलीही भाषा हेच करते: सुटे तुकडे पाडायचे नि हवे तसे जोडायचे. 'खाली' एकदा सुटं झालं की धावत खाली, रांगत खाली, घसरत खाली, काय वाट्टेल ते सांग. नुसत्या नकलेत ही सोय नाही.

शिकवलं कुणी म्हणतोस? कुणीच नाही. मोठ्या मुलांकडून धाकट्यांनी खुणा उचलल्या, पण त्या अशा फोडल्या धाकट्यांनीच. 2004 मध्ये हे छापून आलं, तोवर शाळेत सुरुवातीला आलेली मुलं चांगली बापे-बाया झाली होती. ती बहुतेकदा बोका एकाच फटक्यात घरंगळवत होती.