नाण्यावरचे साल

छंदांचे प्रकार अनेक. कुणाला पोस्टाची तिकिटे जमविण्याचा नाद असतो, कुणाला काड्यापेटीवरील चित्रांचा. मी देशोदेशीची नाणी जमवितो. संग्रह पाहावयास येणारा बहुधा पहिला प्रश्न विचारतो, ‘याची किंमत किती?’ माझ्या मते नाणे हाती आले की प्रथम विचारावे, ‘हे कोणत्या सालचे?’ या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता इतिहास, भूगोल आणि गणित या तिन्ही विषयांची उजळणी होते.

साल वाचणे वाटते तितके सोपे नाही. नेपाळच्या नाण्यावर देवनागरीत २०४० असे लिहिलेले आढळते. आपल्याला वाटावे, हे भविष्यकाळातले नाणे! पण तेथे विक्रम संवत चालतो. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन १९८३ मिळतो. थायलंडच्या नाण्यावर बौद्ध शक असतो. त्यातून ५४३ वजा करावे लागतात, म्हणजे २५२५ चे नाणे १९८२ चे ठरते. जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकीर्दीचे वर्ष असते. शोवा ५० असेल, तर त्यात १९२५ मिळवून १९७५ साल काढायचे. पाच येनच्या भोकाच्या नाण्यावर किंमतही जपानी लिपीतच असते.

हिजरी सनाचे गणित थोडे निराळे आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून नुसती वजाबाकी करून भागत नाही. दर शंभर वर्षांमागे तीन वर्षे कमी करून त्यात ६२२ मिळवावेत. सौदी अरेबियाच्या नाण्यावर १४०० असेल, तर १४०० मधून ४२ वजा केल्यावर राहिले १३५८. त्यात ६२२ मिळविले की १९८० येते.

साल वाचता आले म्हणजे ते खरे मानावे असेही नाही. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० साली वारली. तिच्या मुखवट्याचा चांदीचा थालर तांबड्या समुद्राच्या काठी, अरबस्तानात आणि इथिओपियात इतका विश्वासाचा झाला होता, की तेथील व्यापारी दुसरे नाणे सहजी घेईनात. त्यामुळे पुढेही हे नाणे १७८० हेच साल घालून पाडले जाऊ लागले, आणि तेही केवळ व्हिएन्नातच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० व १९४१ साली, ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. म्हणजे नाण्यावर १७८० असले, तरी ते फोर्टातल्या टांकसाळीत त्यानंतर १६० वर्षांनी जन्मलेले असू शकते!

आपल्या रुपयावरचे सालही नीट पाहावे. सालाखाली बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. १९५७ साली दशमान पद्धती आली तेव्हा पैशावर ‘नया पैसा’ असे छापले जाई. १९६४ साली त्यातला ‘नया’ गेला.

काही नाण्यांवर साल मुळीच नसते, तरीही ती काळ सांगतात. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून गौतमीपुत्राने त्याचे चलन आपले केले, याचा हा धडधडीत पुरावा. तो हंडा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर चांदी तेवढी उरली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासातला एक दुवा कायमचा गेला असता. असे किती दुवे वितळून गेले असतील, याची गणती कोण करणार?

म्हणून संग्राहकाने काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. तांब्याचे जुने नाणे देवघरातल्या तांब्यासारखे चिंचेने घासू नये. वरचा थर गेला की अक्षरेही झिजतात. नाणे कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर देश, साल व ते कोठून मिळाले हे लिहावे. कोठून मिळाले हे ठाऊक नसलेले नाणे अर्धे मुके असते. जमिनीत नाणी सापडली, तर ती वाटून घेऊ नयेत. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे.

या छंदास श्रीमंती लागत नाही. परदेशी राहणाऱ्या आप्तांना सांगून ठेवावे, म्हणजे त्यांच्या खिशात उरलेली चिल्लर आपल्याकडे येते. तेही नसेल, तर घरच्या डब्यातली नाणी काढून एकाच सालचे, पण निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये शोधून पाहावेत. खर्च काहीच नाही, आणि दररोज हातून जाणारी वस्तू आपण आजवर वाचलीच नव्हती, हे तेव्हा ध्यानात येते.