शेवंतीच्या मळ्यात रात्रीचे दिवे

थंडीच्या दिवसांत बंगळूरूजवळ चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला रात्री शेतांतून दिव्यांच्या ओळी दिसतात. ही जत्रा नव्हे, शेवंतीची शेते आहेत. आपल्या बेळगावकडील फूलशेती करणाऱ्या बंधुभगिनींनी ही युक्ती समजून घ्यावी.

शेवंती रात्र मोजते. अखंड अंधार साधारण साडेदहा तासांहून लांबला की ती वाढ सोडून कळी धरू लागते. डिसेंबरात बेळगावचा दिवस सुमारे ११ तास १० मिनिटांचा, म्हणजे रात्र जवळजवळ १३ तासांची. अशा वेळी लावलेले रोप वीतभर असतानाच कळीवर येते. दांडा आखूड, फुले मोजकी. म्हणून लावणीनंतर सुमारे चार आठवडे रात्री १० ते २ दिवे लावतात. रात्रीचे दोन तुकडे होतात, आणि रोप उन्हाळा समजून फुटवे काढीत राहते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. त्यांनी तंबाखू व सोयाबीनवर प्रयोग केले होते.

हा उजेड रोपाचे पोट भरत नाही, नुसता निरोप देतो. म्हणून मंद, पिवळसर बल्बही पुरतो. ९ वॅटचे १०० एलईडी चार तासांत ३.६ युनिट वीज घेतात. ६० वॅटचे जुने बल्ब २४ युनिट. घरातल्या कुंडीचे मात्र वेगळे. तिथे पानाला अन्न करायचे असते, छताचा बल्ब काही कामाचा नाही. कुंडी खिडकीशी ठेवावी, फुकटचे ऊन घ्यावे.

दिवे बंद केल्यापासून जातीप्रमाणे आठ ते दहा आठवड्यांनी फुले येतात. नाताळाला माल हवा तर ऑक्टोबरच्या मध्यास दिवे बंद. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसासाठी ऑगस्टअखेरीस. त्यानंतर मात्र अंधार पुरा हवा. बांधावर अंगणाचा दिवा रात्रभर जळत असेल तर त्याच्या उजेडातल्या ओळी हिरव्याच राहतात. (दारातला पॉइन्सेटिया नाताळाला लाल होत नाही, त्याचेही कारण बहुधा हेच.)

खर्चात पडण्याआधी आपल्या भागात रात्री १० ते २ वीज असते का ते पाहावे, आणि पंपाच्या जोडणीवर दिवे चालतील का हे वीज कार्यालयात विचारून घ्यावे. शेत ओले असते, पोरेबाळे फिरतात. सोललेली, जोड दिलेली वायर अजिबात नको. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा व वायर डोक्यावरून न्यावी.