पळसपापडी, गांडूळ आणि जंत

धनजसारख्या वऱ्हाडातल्या गावांत फाल्गुनात पळस फुलतो. पुढे उन्हात त्याच्या चपट्या शेंगा वाळतात. त्यातली बी म्हणजे पळसपापडी. ती आणि वावडिंग ही जंतांवरची आयुर्वेदातली जुनी औषधं. पण ती खरंच लागू पडतात का?

प्रयोगशाळेत पहिली परीक्षा बहुधा गांडुळावर होते. त्याची शरीररचना आतड्यातल्या मोठ्या जंताशी थोडीफार जुळते. एका बशीत वनस्पतीचा अर्क, दुसरीत अल्बेंडाझोल, तिसरीत मिठाचं पाणी ठेवतात. गांडूळ किती मिनिटांत लुळं पडतं, किती मिनिटांत मरतं, याची नोंद घेतात.

मात्र गांडूळ मातीत राहतं, जंत आतड्यात. खरी कसोटी म्हणजे औषधाआधी आणि नंतर रुग्णाच्या शौचातली जंतांची अंडी मोजणं. शिवाय औषध माणसाला सोसलं पाहिजे. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन जंतांवर गुणकारी होतं. पण त्यानं रुग्णाला सगळं पिवळं दिसे, विषबाधाही होई. सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं.

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. मूल फिकट पडतं, लवकर थकतं. म्हणून अंदाजानं पळसपापडी देऊ नका. जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत मोफत मिळणारी गोळी चुकवू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धीच, चुरून. आणि मुलांच्या पायांत चप्पल असू द्या. अंकुशकृमी अनवाणी पायांतून शिरतात.