अण्णांचे कान आणि अण्णांचा फोन

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडास आमच्या घरीं एक लहानशी गोष्ट घडली. ती सांगण्यांत माझा थोडा कमीपणा आहे; तथापि ज्या घरांत वडील मंडळी आहेत व त्यांच्या हातीं मोबाईल आहे, त्या घरांस तिचा उपयोग होईल, म्हणून सांगतों.

आमचे वडील बंधु अण्णा ७८ वर्षांचे आहेत. दर गुरुवारीं सायंकाळीं नागपूरहून आक्काचा फोन यावयाचा आणि भावाबहिणींनीं निदान अर्धा तास बोलावयाचें, हा नेम कित्येक वर्षांचा. त्यांत खंड पडूं लागला. अण्णा दोनतीनदां "काय म्हणालीस?" असें विचारीत आणि मग "बरें, पुढें केव्हां तरी सावकाश बोलूं" म्हणून फोन ठेवीत. पुढें तर गुरुवारीं नेमके त्याच वेळीं ते फिरावयास जाऊं लागले. घरांत निदान होऊन चुकलें: अण्णांना ऐकूं येईनासें झालें! सूनबाई त्यांच्याशीं चढ्या आवाजांत बोलूं लागल्या, मुलें हातवारे करूं लागलीं, आणि मीही पानावर बसल्यावर "भात हवा का?" हें शेजाऱ्यांसही कळेल अशा स्वरांत विचारूं लागलों. अण्णा कांहीं बोलत नसत. त्याचाही अर्थ आम्हीं तोच लाविला.

धाकट्या पिढीनें दोन गोष्टी ठरविल्या: अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यावें, व मोठ्या आवाजाचा नवा फोन आणावा. कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रांत जुना फोन दाखविला, तों तेथील गृहस्थांनीं तो उघडूनही न पाहतां "सहा वर्षें झालीं, आतां नवाच घ्या" असा सल्ला दिला. नव्या फोनची किंमत ऐकून अण्णा एवढेंच म्हणाले, "कान गेल्यावर फोन कशाला?"

तें वाक्य माझ्या मनास लागलें. जन्मभर संस्कृत शिकविलें, मुलांकडून अन्वय आणि व्यतिरेक घोकून घेतले. पण स्वतःच्या घरांत त्यांचा उपयोग करण्याची बुद्धि झाली नव्हती. त्या रात्रीं आक्काला माझ्या फोनवर बोलावयास सांगितलें व तो अण्णांच्या हातीं दिला. शब्द न् शब्द त्यांस ऐकूं आला. मग अण्णांचा फोन मीं माझ्या कानाला लाविला. आक्काचा आवाज दुलईखालून यावा तसा येत होता! मला वर्गांतील एक मुलगा आठवला. लक्ष देत नाहीं म्हणून मीं त्याला बाकावर उभा केला होता, आणि त्याचा एक कान लहानपणापासून वाहतो हें त्याच्या आईनें मला मागाहून सांगितलें. तो धडा मी त्याच वेळीं शिकलों, असा माझा समज होता.

आतां फोनविषयीं. या यंत्रास दोन मुखें असतात. कांचेच्या वरच्या कडेशीं एक बारीक फट असते, ती कानाशीं धरावयाच्या स्पीकरची. दुसरा मोठा स्पीकर खालच्या कडेस. खालीं छिद्रांच्या दोन ओळी दिसल्या तरी पुष्कळ फोनांत आवाज एकींतूनच येतो. दुसरीमागें आपला आवाज टिपणारा मायक्रोफोन असतो. आंतील रचना मात्र जुनीच आहे. चुंबकाजवळ तारेचें एक वेटोळें, त्यास जोडलेला पातळ पडदा. वीज कमीअधिक झाली कीं वेटोळें थरथरतें व पडदा हवेला ढकलतो. अमेरिकेंत राइस व केलॉग यांनीं १९२५ सालीं जो फिरत्या वेटोळ्याचा कर्णा वर्णिला, त्याचेंच हें नखाएवढें रूप. पुढें बारीक जाळी असते. अण्णा रोज डोक्याला खोबरेल चोपडतात आणि फोन कानाशीं घट्ट दाबून धरतात. तेल, कानांतील मळ व खिशांतील धूळ मिळून त्या जाळीवर लेप बसला होता.

तरीही प्रथम सोप्या गोष्टी पाहाव्या. बोलण्याचा आवाज व गाण्याचा आवाज निरनिराळे असतात. बोलणें चालूं असतांनाच बाजूची कळ दाबून पाहावी. ब्लूटूथ बंद करावें, नाहीं तर आवाज भलत्याच यंत्रांत जात असतो. वर चिकटविलेली संरक्षक कांच फटीवर आली आहे काय तें पाहावें, आणि फोन एकदां बंद करून चालूं करावा. इतकें करूनही खालच्या स्पीकरवर आवाज स्वच्छ येतो पण कानाशीं येत नाहीं, असें दिसलें तर दोष वरच्या फटींतच आहे.

मीं नवा, मऊ, कोरडा दंतब्रश घेतला आणि फोन पालथा धरून हलक्या हातानें जाळी झाडली. येथें टांचणी घालूं नये. जाळी फाटते व पडदाही. तोंडानें फुंकर घातली तर ओल आंत जाते. आमच्या सौभाग्यवती तांदळाचा डबा घेऊनच आल्या होत्या. पण भिजलेला फोनही तांदळांत ठेवूं नये, असें ॲपल कंपनीनें २०२४ सालीं स्पष्ट सांगितलें आहे, कारण बारीक कण आंत शिरतात. तांदूळ डब्यांत परत गेले.

ब्रशानें आवाज निम्मा सुधारला. उरलेल्यासाठीं तपकीर गल्लींत गेलों. तत्पूर्वीं छायाचित्रांची प्रत काढून ठेविली, सिमकार्ड काढलें, आणि गुप्त अंक कोणास सांगितले नाहींत. कांहीं फोनांत दुरुस्तीपुरता खासगी मजकूर झांकण्याची सोयही असते. दुकानांतील तरुणानें पाठ उघडली व म्हणाला, "आजोबा, मळ तर होताच, पण स्पीकरही दमलाय." साडेचारशे रुपयांत, पाऊण तासांत काम झालें. एकदां पाठ उघडली कीं पाण्यापासूनचें पूर्वीचें संरक्षण राहत नाहीं, हेंही त्यानें न विचारतां सांगितलें. मला तो मनुष्य आवडला.

मुलांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें मात्र नव्हे. अण्णांच्या फोनला सुरक्षिततेच्या नव्या सुधारणा मिळणें बंद झालें आहे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें शहाणपणाचें नाहीं. नवा फोन घ्यावयाचें हेंच खरें कारण. बसलेला आवाज नव्हे. आणि घेतांना रंगरूप पाहण्यापेक्षां या सुधारणा अजून किती वर्षें मिळणार, हें विचारावें. गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ पासून व सॅमसंगनें २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांचें वचन दिलें आहे. युरोपीय संघांत तर २० जून २०२५ पासून नव्या फोनांचे मुख्य सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षें पुरविण्याचा नियम आहे. आपल्या सरकारनेंही २४ डिसेंबर २०२२ रोजीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें; दुकानीं जाण्यापूर्वीं तें पाहावें.

आम्हीं तूर्त अण्णांचे बँकेचे व्यवहार माझ्या फोनवर आणले. त्यांचा फोन बोलण्यापुरता ठेविला. कानाच्या डॉक्टरांकडेही गेलोंच. त्यांनीं डाव्या कानांतून थोडा मळ काढला व वयाच्या मानानें कान उत्तम आहेत असें सांगितलें.

पुढच्या गुरुवारीं अण्णा फिरावयास गेले नाहींत. सहाला फोन वाजला. पलीकडून आक्का, गेल्या दोन महिन्यांच्या संवयीनें, अशी ओरडली कीं स्वयंपाकघरांत आम्हांसही ऐकूं गेलें. अण्णांनीं फोन वीतभर लांब धरला आणि शांतपणें म्हणाले, "आक्के, ओरडतेस कशाला? मी कांहीं बहिरा नाहीं."